दोन्ही बाजूंचा हर्निया

नसबंदी करून घेण्याचा निर्णय मी घेतला, असं मी आजवर बऱ्याच लोकांना सांगितलं आहे. खरं म्हणजे तो माझ्या तोंडून निसटला.

आमचं दुसरं मूल शाळेत जायला लागलं होतं. तिसरं नको, हे आम्हा नवराबायकोचं ठरलेलं होतं. ते कसं टाळायचं हे मात्र बायकोने एकटीने बघायचं, असं न बोलताच ठरून गेलं होतं. तिने तांबी बसवून पाहिली, तर दर महिन्याला इतकं अंगावरून जायचं की नशिराबादच्या शाळेत तास घेताना तिला खुर्ची धरून उभं राहावं लागायचं. तांबी काढून गोळ्या सुरू केल्या, तर डोकं ठणकायला लागलं. शेवटी जळगावच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुसऱ्याही गोळ्या आहेत, इतर उपाय आहेत, पण मूल नकोच असेल तर दोघांपैकी एकाने ऑपरेशन करून टाका. 'दोघांपैकी' हा शब्द मी तिथे बसून ऐकला आणि तो दुसऱ्या कुणाबद्दल असावा असं समजून उठलो.

त्या संध्याकाळी ती गवार निवडत बसली होती. वर न बघता म्हणाली, "दोन्ही बाळंतपणांना पोट माझंच कापलं. आता तिसऱ्यांदाही माझंच?"

माझं ठिबक सिंचनाचं दुकान आहे. गिऱ्हाइकाने काही विचारलं की नाही म्हणायचं नाही, ही वीस वर्षांची सवय. मी म्हणालो, "मग मी करून घेतो."

माझा हिशेब असा होता की ती म्हणेल, नको हो, तुम्हाला शेताशेतांतून हिंडावं लागतं, वजन उचलावं लागतं. मग मी थोडा आग्रह करेन, ती आणखी थोडं नाही म्हणेल, आणि मोठ्या मनाचा माणूस म्हणून मी पुन्हा टीव्हीसमोर जाऊन बसेन. तिने हातातली शेंग मोडली आणि म्हणाली, "बरं. कधी?"

जळगावात करायचं नाही, एवढं तरी मी ठरवलं. इथे अर्धं शहर माझं गिऱ्हाईक. दवाखान्याच्या दारात कुणीतरी भेटणार आणि विचारणार, भाऊ, इकडे कुठे? म्हणून धुळं ठरलं. धुळ्यात मला कुणी ओळखत नव्हतं. फक्त माझी सासुरवाडी तिथे होती, आणि ही गोष्ट किती मोठी आहे ते मला तिथे पोचेपर्यंत उमगलं नाही.

धुळ्याचे डॉक्टर तरुण होते. माझ्या मनात महिनाभर साठलेले प्रश्न होते, पण ते मला स्वतःचे म्हणून विचारवेनात. मी म्हणालो, "माझ्या एका मित्राला शंका होती, की याने ताकद जाते का? म्हणजे, सगळ्याच बाबतीत. आवाज वगैरे बारीक होतो का?"

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे पाहिलं.

"मित्राचंही ऑपरेशन आजच आहे का?" डॉक्टरांनी विचारलं. मग त्यांनी कागदावर चित्र काढून शांतपणे समजावलं. शुक्राणू वाहून नेणाऱ्या दोन बारीक नळ्या असतात, तेवढ्याच बंद करायच्या. बाकी सगळं जागच्या जागी राहतं. इच्छा तीच, ताकद तीच, दाढीही तीच. "पण हे कायमचं समजूनच करा," ते म्हणाले. "नंतर मन बदललं तर नळ्या जोडता येतात, पण जमेलच याची खात्री नसते."

ऑपरेशनबद्दल मला फार काही सांगता येत नाही, कारण मी डोळे घट्ट मिटून घेतले होते. मुलांची शिक्षणं, दुकानाची उधारी, आईची काळजी, असं सगळं मी मनातल्या मनात बायकोच्या हवाली करत होतो. ते अर्ध्यावर आलं असेल तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "झालं. उठा."

बाहेर आल्यावर त्यांनी सूचना दिल्या. दोन दिवस आराम, आठवडाभर जड उचलायचं नाही. "आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे आजपासून लगेच लागू होत नाही. पुढचे तीन महिने निरोध वापरायचा. मग वीर्य तपासून घ्यायचं. त्यात एकही शुक्राणू दिसत नाही असा रिपोर्ट आला, की मोकळे." मी मान डोलावत होतो. मनात मात्र मी शौर्याची ही कथा कुणाला कशी सांगायची याची जुळवाजुळव करत होतो.

आरामाला सासुरवाडीत गेलो. सासूबाईंना बायकोने खरं सांगितलं होतं. सासरे एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त. त्यांना सगळे नाना म्हणतात. त्यांना सांगायची लाज वाटली म्हणून हर्निया सांगायचं ठरलं. ही कल्पना माझीच.

मी पलंगावर बर्फाची पिशवी घेऊन पडलो होतो. नाना खुर्ची ओढून शेजारी बसले.

"काय व्हयनं जवाईबापू? हर्निया?"

"हो ना नाना."

"माले बी व्हता," नाना खुश होऊन म्हणाले. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. "कोनती बाजूले? डावी का उजवी?"

मला खरी बाजू कोणती असते तेच माहीत नव्हतं. धोका नको म्हणून मी म्हणालो, "दोन्ही."

नाना चपापले. "दोन्ही? मंग टाका किती पडनात?"

"एकही नाही. नवीन पद्धत आहे."

नाना बराच वेळ बर्फाच्या पिशवीकडे बघत राहिले. ती पिशवी हर्नियाच्या मानाने बरीच खाली होती. मग हळूच मान हलवून ते कुजबुजले, "नसबंदी कयी का?"

मी डोळे मिटून घेतले. आता जावयाची अब्रू गल्लीत जाणार, असं मला वाटलं. पण नानांनी खुर्ची आणखी जवळ ओढली. म्हणाले, की चौथ्या मुलानंतर त्यांच्या घरातही ऑपरेशन झालं, पण ते सासूबाईंचं. शिबिरात. त्या दिवशी नाना म्हणे ड्युटीवर होते.

स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "ड्युटीवर नही व्हतात! मालेगावले लगीनले जायेल व्हतात!"

नाना उठले आणि अंगणात जाऊन झाडांना पाणी घालू लागले. पाणी सकाळीच घालून झालं होतं.

जळगावला परतल्यावर मी काही दिवस हवेत होतो. बायकोच्या शाळेतल्या एका बाईंनी "तुमचे मिस्टर फारच समजूतदार हो" असं म्हटल्याचं तिने मला सांगितलं, ते मी तिच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. मित्रांमध्ये स्त्री-पुरुष समानतेचा विषय कुणी काढत नसे, तर तो मी काढू लागलो.

या सगळ्या मोठेपणात डॉक्टरांची सूचना मागे पडली. सुरुवातीला निरोध वापरले. ते घ्यायला मी भुसावळ रस्त्यावरच्या लांबच्या मेडिकलमध्ये जायचो आणि सोबत उगाच खोकल्याच्या गोळ्या घ्यायचो. मग पाकीट संपलं आणि मी ठरवलं, की आता नळी रिकामी झाली असणार. बायकोने विचारलं, "तपासणी झाली का?" मी म्हणालो, "बघतो." आमच्या घरात 'बघतो' म्हणजे काय ते तिला माहीत होतं, पण तिचे परीक्षांचे दिवस होते, पेपरांचे गठ्ठे घरी आले होते. तिने माझ्यावर विश्वास टाकला.

आणि तिची पाळी चुकली.

नेमकी तेव्हा माझी आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी फैजपूरकडच्या गावाहून आमच्याकडे आलेली. आई घरात असली की बायको पाळीच्या दिवसांत देवघरापासून लांब राहते. तिला ते पटत नाही, पण म्हातारीशी वाद नको म्हणून. या महिन्यात तिच्या पूजेत खंड पडला नाही, हे आईने एका डोळ्यावर पट्टी असतानाही टिपलं.

एका सकाळी आई चहा पिता पिता मला म्हणाली, "काय रे, सुनबाईले दिवस गेले वाटते. तुले सांगतलं का नही तिनं?" तिचा चेहरा फुलला होता.

मी घाईने म्हणालो, "नाही गं, तसं नसेल."

"कायले नसन?"

आता काय सांगावं? मी म्हणालो, "मी ऑपरेशन करून घेतलंय. मूल न होण्याचं."

आईने कप खाली ठेवला. आधी तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, मी उभा तरी आहे का हे बघितल्यासारखं. "मले न सांगता? बाप्या मानसानं?" असं काहीतरी पुटपुटली.  आणि मग म्हणाली, "मंग हे कोनाचं?"

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात डबे होते, मुलांचे. तिने ते ओट्यावर ठेवले.  आणि माझ्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत माझ्या बोलण्याची तिने कधी एवढी वाट पाहिली नव्हती.

ज्या गोष्टी मला डॉक्टरांनाही मित्राच्या नावाने विचाराव्या लागल्या होत्या, त्या मी त्या दिवशी स्वतःच्या आईला, पाटावर बसून, स्वच्छ शब्दांत सांगितल्या.

"आई, ऐक. आपल्या केळीच्या बागेत ठिबक आहे ना. व्हॉल्व्ह बंद केला की पाणी लगेच थांबतं का?"

"नही. नळीत असते तेवढं गळत राह्यते," आई म्हणाली. ती वर्षानुवर्षं ते व्हॉल्व्ह स्वतः फिरवत आली आहे.

"तसंच असतं हे. बंद केल्यावरही आधीचं उरलेलं असतं. म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं, तीन महिने काळजी घ्या आणि मग तपासा. मी काळजी घेतली नाही. तपासलंही नाही. जे असेल ते माझंच आहे. तिने मला विचारलंही होतं, मीच टाळलं."

आईने पुन्हा कप उचलला. मग म्हणाली, "तू दुकानात लोकायले येच शिकवतो ना दिवसभर? नळ्यायचं?"

"हो."

"मंग तुले कसं नही समजलं?"

 बायको आत वळली. आतून डब्यांची झाकणं लावल्याचा आवाज आला, नेहमीपेक्षा जोरात.

मी त्याच पावली मेडिकलमध्ये गेलो, या वेळी घराजवळच्याच. दुकानात चार माणसं होती. मी आधी खोकल्याच्या गोळ्याच मागितल्या. मग धीर करून म्हणालो, "आणि गरोदर आहे का ते बघायची किट." मेडिकलवाल्याने न बघता काढून दिली. कुणी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्या लाजेत माझ्याशिवाय कुणालाच रस नव्हता, हे जरा अपमानास्पदच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या लघवीवर तपासलं. एकच रेघ आली, म्हणजे दिवस नव्हते. बायको किट हातात घेऊन न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसली. मला हायसं वाटलं आणि मी तसं म्हणालोही. ती म्हणाली, "तुम्हाला वाटलं असेल. मग पाळी का नाही आली, ते कोण बघणार?"

डॉक्टरीणबाईंनी ते बघितलं. किट खूप लवकर वापरली तर चुकू शकते, म्हणून आठवड्याने पुन्हा करायला सांगितली. तेव्हाही एकच रेघ. पाळी चुकण्याला गरोदरपण हे एकच कारण नसतं, त्या म्हणाल्या. ताण असतो, वजन असतं, थायरॉइड असतं. रक्त तपासलं तर थायरॉइड निघालं. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी सुरू झाली. ती थकते, तिचे केस गळतात, तिला थंडी वाजते, हे सगळं आम्ही पेपर तपासण्याच्या खात्यात टाकत आलो होतो. पाळी काही आठवड्यांनी आली.

उठता उठता डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "आणि तुमचा रिपोर्ट?"

मी 'बघतो' म्हणणार होतो. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "उद्याच."

लॅबवाला निघाला माझंच गिऱ्हाईक, सावद्याकडे त्याची केळी. त्याने गंभीर चेहऱ्याने डबी दिली आणि एका खोलीचं दार दाखवलं. आत एक खुर्ची, एक वॉश बेसिन, आणि समोरच्या भिंतीवर माझ्याच दुकानाचं कॅलेंडर, ज्यावर मी हात जोडून नववर्षाच्या शुभेच्छा देतोय. स्वतःच्या जोडलेल्या हातांसमोर ते काम किती अवघड आहे, याची कल्पना दुसऱ्या कुणाला येणार नाही. शेवटी मी कॅलेंडर भिंतीकडे तोंड करून टांगलं.

रिपोर्ट शून्य आला. लॅबवाल्याने तो देताना विचारलं, "भाऊ, बागेतला फिल्टर साफ करायला माणूस कधी पाठवता?"

आई डोळा पूर्ण बरा झाल्यावर गावी जायला निघाली. निघण्याआधी तिने बायकोला जवळ बसवून घेतलं. "मी बोलली ते मनात धरजो नको."

बायको म्हणाली, "धरलंय, आई. सुटेल हळूहळू."

आईने मान हलवली. तिला ते मान्य असावं. बसमध्ये चढताना तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, की दुसऱ्याले अक्कल सांगाच्या आधी सोता आयकत जाय.

गावी पोचल्यावर मात्र तिने सगळी हकिकत घरोघर सांगितली, ठिबकच्या दाखल्यासकट. पंधरवड्यात माझा एक चुलतभाऊ दुकानात आला. ठिबकच्या नळ्यांच्या बंडलांभोवती दोन चकरा मारल्या, एका फिल्टरचा भाव विचारला, मग इकडेतिकडे बघून म्हणाला, "दादा, त्यानं आवाज तं बारीक नही होत ना?"

मी त्याला स्टुलावर बसवलं, चहा मागवला आणि सगळं सांगितलं. तीन महिन्यांचं दोनदा सांगितलं. तो गंभीरपणे मान डोलावत होता. ती मान बघून मला शंका आली, म्हणून मी विचारलं, "काय सांगितलं मी आत्ता?"

त्याला काही आठवेना. मी त्याला म्हणालो, उद्या तुझ्या बायकोला सोबत घेऊन ये.