पुसून वाळवलेली जमीन

या माणसाचे नाव घरच्यांनीही केव्हाच सोडून दिले; सारे त्याला विस्तव म्हणतात. घरोघरी लाद्या-पट्ट्यांच्या जमिनी बसवणे हा त्याचा धंदा आणि भडकणे हा त्याचा स्वभाव. पण विस्तवाला नावे ठेवण्याआधी तो कोणासाठी जळतो, तेही पाहावे.

या खेपेला तो आईसाठी जळत होता. आईच्या छातीत दम्याने घर केले होते. जिना चढवेना, म्हणून थोरल्या मुलाकडची तळमजल्याची खोली तिला द्यायचे ठरले. जुन्या लाद्या उखडून सिमेंटचा कोबा उघडा केला होता. नव्या लाकडी पट्ट्या भिंतीला टेकल्या होत्या. विस्तवाने कोब्यावर प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवला आणि बजावले, "दादा, याला हात लावू नकोस. खाली थेंब जमले, तर जमीन ओली समज."

दुसऱ्या दिवशी तो आला, तेव्हा आई गाठोडे मांडीवर घेऊन दाराशी खुर्चीत बसली होती. प्लास्टिक कोरडे, लख्ख. त्याने पहिली पट्टी उचललीही. तोच चिकटपट्टीची एक कड सुरकुतलेली दिसली.

"हे कोणी उघडलं?"

"मी," दादा म्हणाला. "थोडे थेंब होते, फडक्यानं पुसले. आता बघ, कसं खडखडीत!"

"पुसले? ताप आला की थर्मामीटर झटकून बरा होतोस का रे?"

"ओरडू नकोस. आई आलीये. घर माझं आहे, बसव पट्ट्या!"

"घर तुझं, छाती तिची! ओल खाली कोंडली की बुरशी धरेल. तो वास कोण ओढणार? तू?"

रडणाऱ्याचे गाल पुसल्याने दुःख आटत नाही, जमिनीचेही तसेच. दादाची माया खरी होती, पण घाई झालेली माया आंधळी होते, आणि त्या आंधळेपणावर विस्तव पेटून उठला होता. त्याने पट्टी दाणकन खाली टाकली.

"मग मी निजू कुठं?" आई म्हणाली. "तुमच्या भांडणावर?"

"वर. दादाच्या पलंगावर."

"आणि मी?" दादाने विचारले.

"इथं. खडखडीत आहे ना!"

आईला हसू आले आणि हसण्याने खोकला. तो खोकला थांबेना, तेव्हा विस्तवाने तिच्या खुर्चीची एक बाजू धरली आणि दादा दुसऱ्या बाजूला वाकला.

खुर्ची उचलून जिना चढतानाही दोघे धुमसतच होते.

"तुझी बाजू खाली जातेय."

"तूच ओढतोयस!"

"आधी मला पाडा," आई म्हणाली, "मग निवांत भांडा."

तिला पलंगावर टेकवून विस्तव पाणीही न पिता खाली उतरला. ओल येते कुठून ते शोधायचे होते, आणि न्हाणीघराची नळी त्या खोलीच्याच भिंतीतून जात होती. घणाचे घाव सुरू झाले, तसा दादा जिन्यावरून गरजला, "सगळी भिंत फोडशील!"

"गळती सापडेपर्यंत फोडणार!"

दादा तणतणत खाली आला आणि नळाचा मुख्य कॉक बंद करून विस्तवाशेजारी उभा राहिला.