झाकण उघडून बघणारी माणसं

उन्हाळ्यातली साधी सुखं माणसाला जन्मभर पुरतात, असं म्हणतात. म्हणणारे बहुतेक एसीत बसलेले असतात. आमच्या घरी एकही सुख तपासणी झाल्याशिवाय आत येत नसे, आणि तपासणी संपेपर्यंत त्यातलं निम्मं वितळलेलं असे.

मी कोल्हापूर सोडलं तेही मे महिन्यातच. बंगळुरूला नोकरी लागली होती आणि संध्याकाळच्या गाडीत बसवायला वडील, म्हणजे अप्पा, स्टँडवर आले होते. इतर मुलींचे वडील डोळे पुसत होते. माझे वडील ड्रायव्हरच्या तोंडाजवळ तोंड नेऊन, "पावणं, गाव कंचं तुमचं?" असं विचारत होते. मग खिडकीशी येऊन म्हणाले, "प्यालेला न्हाय. जा आता." आमच्याकडे आशीर्वाद असा देतात. तुमच्यातले जे गाव सोडून गेले त्यांना निघताना असंच काहीतरी ऐकायला मिळालं असेल. जे मागे राहिले त्यांनी ते म्हटलं असेल.

अप्पा गुळाच्या अडतीत होते. ढेप वरून पिवळीधमक दिसते म्हणून आतूनही तशीच असेल, हे त्यांना मान्य नसे; ते फोडून बघत. घरी आल्यावरही तोच हात चाले. कलिंगडाला ते चीर पाडून बघत, आंब्याचा देठ हुंगत आणि जावयाला पहिली दोन वर्षं नुसतं निरखत.

मेमध्ये एकदा आइस्क्रीमचा पॉट भाड्याने यायचा. लाकडी बादली, मधे पत्र्याचा डबा, भोवती बर्फ आणि खडेमीठ, वर हँडल. आम्ही चुलतभावंडं पाळीपाळीने हँडल फिरवायचो. आई बजावायची, "झाकण उघडू नगासा, मीठ जातंय आत." आणि जरा वेळ गेला की अप्पा म्हणायचे, "बघू तरी." झाकण निघायचं, कडेचं खारं पाणी आत उतरायचं. आइस्क्रीम खारटच असतं, असं मी बरीच मोठी होईपर्यंत समजत होते. पुढे बंगळुरूत तेच एका दुकानात इंग्रजी नावाने, चढ्या भावात मिळालं. बरोबरचे लोक डोळे मिटून खात होते. मला त्यांचाच संशय आला.

गेल्या पावसाळ्यात आई गेली आणि अप्पा एकटे राहिले. फोनवर "जेवलासा?" विचारलं की "व्हय की" म्हणायचे. मी त्यांचीच मुलगी. व्हिडिओ कॉल लावून ताट दाखवायला सांगितलं. भाकरी, आमटी, कांदा. दुसऱ्या दिवशीही तेच ताट, कांद्याच्या फोडी त्याच जागी. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "आता खाऊन दाखवा." अप्पा निश्चल बसून राहिले. थोड्या वेळाने ओठ न हलवता म्हणाले, "नेट गेलंय." त्यांच्या मागच्या भिंतीवर घड्याळाचा काटा फिरत होता.

म्हणून या मेमध्ये मी त्यांना पंधरा दिवसांसाठी बंगळुरूला बोलावलं. तिकडचं ऊन सोसायचं नाही, इथली हवा बरी, असं सांगितलं. मनात होतं, आले की परत पाठवायचं नाही. नवरा म्हणाला, सरळ सांग. सरळ सांगितलं असतं तर ते आले नसते. आले ते एक पिशवी घेऊन, आणि पिशवीत परतीचं तिकीट होतं.

त्यांचं मन रमावं म्हणून मी त्यांना सोसायटीच्या समर फेस्टला नेलं. क्लब हाउससमोर 'बॅक टु रूट्स' असा फलक, त्याखाली प्लास्टिकच्या हिरवळीवर बैलगाडी, बैलांशिवाय. लोक फोटो काढत होते. अप्पांनी वाकून चाक हलवून बघितलं. "फिरत न्हाय," म्हणाले आणि घरी चला म्हणाले.

मग मी ऑनलाइन हाताने फिरवायचा पॉट मागवला. खडेमीठ मिळालं ते गुलाबी, पाकिटावर डोंगराचं चित्र असलेलं.

"ह्ये काय?"

"हिमालयातलं मीठ आहे, अप्पा."

"मग बर्फ बी तितनंच आणायचा की."

पण बाल्कनीत बसून हँडल फिरवू लागले. एका लयीत, झाकणाला हातसुद्धा न लावता. अप्पांनी झाकण उघडू नये, ही गोष्ट मला सहन होईना. तब्येत बरी नाही की काय, असं वाटलं. शेवटी मीच झाकण उचललं. दूध पातळच होतं, आणि खारं पाणी माझ्या डोळ्यांदेखत आत उतरलं.

"गेलं मीठ," अप्पा म्हणाले. त्यांनी हँडल सोडलं. "आता मी बी एक उघडून बघतो. पंधरा दिसांच्या पावण्याला तीन खणांचं कपाट मोकळं केलंयस. गॅसची टाकी शेजारी देऊन या म्हणालीस. मला बोलावलंयस का ठेवून घेतलंयस?"

"ठेवून घेतलंय," मी म्हणाले. "तिकडं तुम्ही जेवत नाही."

"न्हाय जेवत. तिचं ताट शेजारी नसलं की घास उतरत न्हाय. हितं तरी कुठं उतरतोय? तू टक लावून बसतीस म्हणून गिळतो. तिकडं निदान बघायला कोण न्हाय."

मग त्यांनीच तोडगा काढला. "मिरगाच्या आधी मला गाडीत बसव. दर उन्हाळ्याला येतो. खण एकच दे, तीन दिलेस तर येणार न्हाय."

संध्याकाळी आम्ही ते आइस्क्रीम खाल्लं. नवऱ्याने दुसरी वाटी मागितली; अप्पांनी त्याच्याकडे पुन्हा एकदा निरखून बघितलं.

जूनच्या सुरुवातीला ते परत गेले. आता मी ताट दाखवा म्हणत नाही. जेवलो म्हणाले की बरं म्हणते. विश्वास बसत नाही, पण बरं म्हणते, आणि हे म्हणायला मला कॉलेजच्या सगळ्या परीक्षांपेक्षा जास्त कष्ट पडतात. घर म्हणजे काय, यावर मी पुष्कळ वाचलं आहे. त्यात मुळं, माती, नाळ हे शब्द फार येतात आणि ते वाचताना मला कुणीतरी काहीतरी विकतंय असं वाटतं. माझ्यापुरतं सांगायचं तर, जिथे आपलं खोटं लगेच ओळखलं जातं आणि तरी चालवून घेतलं जातं, ते घर. या हिशेबाने मला दोन घरं आहेत. सध्या दोन्हीकडे पाणी एक दिवसाआड येतं.