ट्यूनरला लावलेली विभूती

घरातला चांगला चालू टीव्ही मी स्वतःच्या हातांनी मेहुण्याला देऊन टाकला, आणि तोही कुणी मागितलेला नसताना.

कारण माझा कॉम्प्युटर! त्यावरची जुनी सिस्टिम काढून मी लिनक्स टाकलं होतं. फुकट, सगळ्यांना मोकळं, व्हायरस नाही... (हे भाषण मी निम्म्या सोलापुराला ऐकवलंय. मला बघून लोक बोळ बदलायचे.) आता यूएसबीला टीव्ही ट्यूनर लावला की झाला कॉम्प्युटरचाच टीव्ही, असं मी बायकोला समजावलं. शैला म्हणाली, आधी लावून बघा, मग टीव्ही द्या. तिचं ऐकायची आपल्याकडे पद्धत नाही.

ट्यूनर आला तो खंडेनवमीला. त्या दिवशी आमच्यात घरातल्या प्रत्येक यंत्राला विभूती लागते. मिक्सर, स्कूटर, शिलाई मशीन, कुणी सुटत नाही. ट्यूनरवरही मी ओली विभूती तीन बोटांनी ओढली. काळ्या प्लॅस्टिकवर ती धरेना, म्हणून त्याच्या चकचकीत तोंडावर चांगली दाबून भरली. खोचायचा मुहूर्त मात्र दसऱ्याचा.

दसऱ्याला मैंदर्गीहून आत्या आली. तिची बंगळूरची नात चार वाजता सरकारी कन्नड वाहिनीवर वचन, म्हणजे आमच्या संतांचं कन्नड पद, गाणार होती. दोन वर्षांत आत्यानं पोरीचं तोंड पाहिलं नव्हतं. ठेवणीतलं इरकल नेसून ती तीनलाच कॉम्प्युटरसमोर बसली.

मी ट्यूनर खोचला. काही नाही. जोडलेल्या वस्तूंची यादी मागवली. त्यात कीबोर्ड होता, माउस होता, ट्यूनर नव्हता. मग मी तो पाचही पोर्टांत फिरवला (म्हणजे पाची ठिकाणी विभूती वाटली!). माउस काढून परत लावला, तर यादीतून तोही गेला. दोष ड्रायव्हर नावाच्या सॉफ्टवेअरचाच, असं ठरवून मी अख्खी सिस्टिम अपडेटला लावली.

पावणेचारला शेजारच्या नरसम्मा मावशी बोलवायला आल्या. त्यांचा टीव्ही चालूच होता. आत्या उठली, चपलेत पाय घातला.

"पाच मिनिटं थांब की आत्या," मी म्हणालो. "आत्ता लागतंय बघ."

माझा शब्द राखायला ती बिचारी परत येऊन बसली. ट्यूनरचं राहू द्या, ते एक वाक्य मला आजही खातं.

अपडेट संपलं तेव्हा चार वीस झाले होते. ट्यूनर गप्पच. आत्यानं हात पुढं करून तो घेतला, डोळ्यांजवळ धरला, पदराच्या टोकाला पीळ देऊन आत फिरवला. पोर्टातही फुंकर मारली.

"ह्यात इबूत भरलीय की रे."

खोचल्याबरोबर हिरवा दिवा लागला. वाहिन्या शोधून होईस्तोवर पडद्यावर एक गृहस्थ ज्वारीच्या किडीवर बोलत होते. आत्यानं तो कार्यक्रम शेवटपर्यंत पाहिला. चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पोरीचं गाणं काही पुन्हा लागलं नाही.

पुढच्या खंडेनवमीला मी विभूतीची वाटी घेऊन कॉम्प्युटरपाशी उभा राहिलो, तेवढ्यात मैंदर्गीहून आत्याचा फोन.

"औंदा इबूत तुज्याच कपाळाला लाव बाबा," ती म्हणाली. "तितं आत जाऊन बिघडण्यासारकं काय न्हाय."

लावली. खरंच, काही बिघडलं नाही.