परतीच्या कागदातलं गाव

नोकरीची पहिली अकरा वर्षं मी बैतूल जिल्ह्यात, बंगाली निर्वासितांच्या वसाहतीतल्या शाळेत काढली. पोरांना हिंदी शिकवता शिकवता मीच त्यांच्याकडून बंगाली शिकले. निवृत्त होऊन सौंसरला आल्यावर ती भाषा कुणाच्या कामी येईल असं वाटलं नव्हतं. एक दिवस मी तूर पाखडत बसले होते, तेव्हा पांढुर्ण्याहून एक महिला शिपाई घरी आली.

"मॅडम, तुमाले बंगाली येते म्हणते ना? स्टेशनवर एक बाई सापडली. कागद नाही, काही नाही. काय बोलून राहिली, कोणालेच समजून नाही राहिलं."

मी तिच्यासोबत गेले. बाई चाळिशीची, तापाने फणफणलेली. मजुरांच्या एका टोळीसोबत ती कामाला निघाली होती. ताप चढला तसं टोळीवाल्यांनी तिला पांढुर्ण्याला उतरवून दिलं. मी बंगालीत बोलले, तशी तिने माझा हात धरला आणि मला खाला म्हणाली, म्हणजे मावशी. तिने काही लपवलं नाही. बांगलादेशातून चोरून आले, नवरा वारला, मुलीला आईजवळ ठेवलंय, म्हणाली. ठाण्यातल्या साहेबांनी पत्ता विचारायला सांगितला. "तुझं गाव कोणतं?" मी विचारलं. तिने सांगितलं ते मी लिहून दिलं.

कोर्टाने शिक्षा दिली, ती तिने भोगली. मग तिला पांढुर्ण्यातल्या एका महिलागृहात पहाऱ्यात ठेवलं. महिन्यातून एकदा मी बसने तिला भेटायला जायची.

"शिक्षा तर संपली ना खाला? मग मी इथं कशी?"

मी समजावून सांगितलं. ही आमचीच आहे, असं तुझ्या सरकारने म्हणायला हवं. त्यासाठी कागद इथून भोपाळला, तिथून दिल्लीला, मग तुमच्या वकिलातीत, तिथून तुमच्या ठाण्यात जाणार. उत्तर त्याच वाटेने परत येणार.

"किती दिवस?"

त्या वाटेला ठरलेली मुदत नव्हती. तुरुंगात ती दिवस मोजायची, कारण ते कमी होत होते. इथं तिने मोजणं सोडून दिलं. सोबतच्या बायका तिला मराठी शिकवायला बघत. ती नाही म्हणायची. "शिकले तर इथलीच होऊन जाईन," मला एकदा म्हणाली.

संत्र्याचे दोन हंगाम गेले आणि उत्तर आलं. दिलेल्या पत्त्यावर असं गाव नाही, अशी बाई नाही.

मी तिच्यापुढे बसून पुन्हा सगळं विचारलं. घराजवळ काय होतं? नदी, म्हणाली. आणि आता? आताही नदीच आहे. तिचं गाव ती लहान असतानाच मेघनेने खाल्लं होतं. तिची माणसं तेव्हापासून चार कोस लांब, पूर अडवणाऱ्या बंधाऱ्यावर झोपड्या घालून राहत होती. बंधाऱ्याचं नाव, युनियनचं, म्हणजे तिकडच्या ग्रामपंचायतीचं नाव, सगळं तिला पाठ होतं.

"मग तेव्हा हे का नाही सांगितलंस?"

"तुम्ही गाव विचारलं खाला. मी राहते कुठं ते नाही विचारलं."

मला कुणी गाव विचारलं तर आजही माझ्या तोंडून रामाकोना येतं. लग्न होऊन तिथून निघाले त्याला चाळीस वर्षं झाली, तरी येतं. बंगालीतही 'गाव' म्हटलं की माणूस मूळ गावच सांगतो, हे मला, बंगाली पोरांत अकरा वर्षं राहिलेल्या बाईला, सुचायला हवं होतं. मी तिला सांगितलं, "चूक माझी झाली." तिने तोंड फिरवलं. पुढच्या दोन खेपांना ती भेटायलाच आली नाही. मी बाहेरच्या बाकावर तासभर बसून परत आले. तिसऱ्या खेपेला आली, माझ्या शेजारी बसली.

नवा पत्ता लिहून अर्ज पुन्हा गेला, त्याच वाटेने. या वेळी होकार आला. त्या कागदात तिकडच्या ठाण्याने चौकशी करून घरच्यांची माहिती लिहिली होती. मी वाचून दाखवत होते: आई, हयात. मुलगी, विवाहित.

"काय?" तिने मला थांबवलं. "पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं. लेकीचं लग्न झाल्याचं तिला असं, सरकारी कागदावरून कळलं. ती आधी हसली, मग पदरात तोंड खुपसून बराच वेळ रडली. जावई कोण, काय करतो, ते त्यात काहीच नव्हतं.

तिला नेलं तेव्हा मी आजारी होते, जाता आलं नाही. त्याच महिला शिपायाने सीमेवरून फोन केला. "पाच मिनिटात झालं मॅडम. इकडून एक सही, तिकडून एक सही, अन् गेली."

"मागं वळून पाहिलं का तिनं?"

"नाही जी. सरळ चालत गेली."

मला थोडं लागलं, खोटं कशाला बोलू. मग वाटलं, तिनं का म्हणून पाहावं?