वडिलांकडून सप्रेम भेट

आमच्याकडे लेकीला भांडं दिलं की त्यावर नाव घालतात. भांडं तोलून झालं की दुकानदार विचारतोच, "नाव काय टाकायचं?" मग ते किरकिर करणारं मशीन पातेल्याच्या काठावरून फिरतं. माझ्या लग्नात घागरीपासून चहाच्या गाळणीपर्यंत सगळ्यावर आप्पांनी एकच मजकूर घालून घेतला होता : 'वडिलांकडून सप्रेम भेट'. सासरी पहिलं वर्षभर मी चहा गाळतानासुद्धा वडील वाचत होते.

आप्पा म्हणजे माझे वडील. एसटीत ड्रायव्हर होते. जिंतूर, सेलू, परभणी या रस्त्यांवरचे खड्डे त्यांना पाढ्यासारखे पाठ होते. रिटायर झाल्यावर देवगाव फाट्याजवळच्या आमच्या गावी, भावाजवळ राहायला गेले. मी परभणीत. माझी शाळा जिंतूर रोडला, जाणंयेणं बसनं, आणि पाठीचं दुखणं असं की उभं राहिलं की कळ डोक्यात जायची. एकदा आप्पांनी मला स्टँडवर खांबाला टेकून, डोळे मिटून उभी असलेली पाहिलं. पुढं महिन्याभरानं फोन आला, "बाई, गाडी बघायलोय तुझ्यासाठी. रंग सांग."

मी भांडले. भावाला फोन द्यायला लावला तर तो म्हणाला, "घे ना बाई. आप्पा कोणाचं ऐकले का आजपस्तोर?" मग आप्पांनी पुन्हा फोन घेतला. "शेत तुझ्या भावाला गेलं. तुला म्या काय देल्लं? भांडी." मला वाटलं, हा माणूस गेली कित्येक वर्षं हे मनात घोळवत बसला होता की काय. पांढरा, म्हटलं. पांढरा चालेल.

गाडी घ्यायच्या दिवशी शोरूममध्ये आप्पा माझ्याआधी येऊन बसले होते. डोक्याला टोपी, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. फाट्यावर एक रेडियमवाला आहे, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर वाघ आणि जीपच्या काचेवर देवाची नावं चिकटवून देणारा. त्याच्याकडून आप्पांनी पुढच्या नंबर प्लेटची चौकट करून आणली होती. काळी प्लास्टिकची चौकट, खाली बोटभर रुंदीची पट्टी, आणि पट्टीवर पांढऱ्या रेडियममध्ये 'वडिलांकडून सप्रेम भेट'.

शोरूमचा माणूस म्हणाला, "काका, आमची चौकट येते गाडीसोबत."

"येऊ द्या की. तुमची तुमच्यापाशी ठेवा, ही लावा."

त्यानं बंपरला ती चौकट स्क्रूनं आवळली, वर नंबर प्लेट ठेवली आणि लॉक दाबलं. म्हणाला, हे लॉक एकदाच बसतं, पुन्हा काढायचं तर तोडावंच लागतं. आप्पांना ते फारच आवडलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "नाव नसलं की वस्तू लेकीची राहत न्हाई बाई. घरात मिसळून जाते. मग कोणाची ते कोणाला याद राहत न्हाई."

मला हसू आलं आणि लाजही वाटली. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस हे वाचणार होता. पण आप्पा गाडीपुढं उभं राहून ती अक्षरं असं बघत होते की त्यावर बोलणं माझ्या जिवावर आलं.

नारळ फुटला, लिंबं चाकाखाली गेली. मी म्हटलं, "आप्पा, बसा. आधी तुम्ही." ते दोन पावलं मागं सरकले.

"आंदण देल्लेल्या गाईचं दूध बापानं प्यावं का? मंग? लेकीला देल्लेल्या गाडीत बापानं बसू न्हाई. तू जाय. पहिली सासरच्या दारात ने."

जन्मभर स्टिअरिंगवर हात असलेला माणूस. नव्या गाडीच्या वासानंच त्यांच्या नाकपुड्या फुलल्या होत्या, हे मला दिसत होतं. तरी ते टोपी सारखी करून स्टँडकडं चालत गेले, गावची बस धरायला. मला इतका राग आला की सिग्नलला मी दोनदा गाडी बंद पाडली. घरी पोचेपर्यंत मी ठरवलं होतं की काही झालं तरी आप्पांना एकदा या गाडीत बसवायचं. मला त्यांच्याकडून दुसरं काही नको होतं.

घरी नवऱ्यानं गाडीभोवती फेरी मारली आणि पुढं येऊन थांबला. चेहरा पडला. तसा तो वाईट नाही. सासऱ्याकडून कधी रुमाल मागितला नाही त्यानं, आणि ह्याचाच त्याला अभिमान होता. आता बंपरवर लिहून आलं होतं. ऑफिसात दुसऱ्याच दिवशी कुणीतरी म्हणालं, सासऱ्यानं जावई छान पोसलाय. तो रात्री जेवला नाही.

"ती पट्टी काढून टाकू," म्हणाला.

"तुम्ही काढा. आणि आप्पांना सांगायचं तेही तुम्हीच," मी म्हटलं.

त्याची ती छाती नव्हती, आणि माझं म्हणाल तर धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मग त्यानं आपली युक्ती काढली. गाडी कुठंही लावायची ती भिंतीकडं तोंड करून. लग्नाच्या मंडपाबाहेर, दवाखान्यात, भाजीबाजारात, आमची गाडी कायम शिक्षा झालेल्या पोरासारखी भिंतीकडं बघत उभी. मी हसायचे, तो चिडायचा. असं पावसाळाभर चाललं.

या सगळ्यात मी आप्पांच्या मागं लागलेच होते. दर फोनला तेच. गाय वेगळी, गाडी वेगळी. तुम्ही माझ्या घरचं पाणी पिता, जेवता, मग बसायला काय झालं? शेवटी मी गळ्याची शपथ घातली. तेव्हा कुठं आप्पा म्हणाले, परभणीत एक बारसं आहे, त्याला येतो, मुक्काम तुझ्याकडं करतो, आणि सकाळी तू मला गावाला सोड. "पर हळू चालवायचं. म्या ड्रायवर हाय, मला दुसऱ्याच्या हातचं भ्या वाटतं."

त्या दिवशी मला कोण आनंद झाला होता! गाडी धुतली, आतल्या पायाखालच्या मॅट वाळत घातल्या. आप्पा संध्याकाळी आले, चहा घेऊन ओट्यावर बसले. नवरा फाटकाशी होता. तेवढ्यात समोरून त्याचा एक मित्र आला. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा हा माणूस. आप्पा खांबाआड होते, त्याला दिसले नाहीत.

"काय जावईबापू! सासऱ्यानं गाडीवर नाव घातलं, आता तुमच्या पाठीवर कधी घालायलेत?"

नवरा कसंनुसं हसला. मी दारात होते. आप्पांनी चहाचा कप खाली ठेवला, अगदी आवाज न करता. जेवताना ते नेहमीसारखेच बोलले, कुठल्या रस्त्याचं काम झालं, कुठल्या डेपोला नव्या गाड्या आल्या. मला वाटलं, ऐकू गेलं नसावं.

सकाळी मी अंगणात आले तर आप्पा गाडीपुढं उकिडवे बसलेले. हातात आमचाच स्क्रूड्रायव्हर, शेजारी पक्कड. चौकट निघाली होती. पण ते लॉक त्यांच्या काळातलं नव्हतं. त्यांनी ते उचकटून तोडलं होतं आणि तोडताना नंबर प्लेटचा कोपरा मुडपला होता. प्लेट एका हातात, चौकट दुसऱ्या हातात, आणि आप्पा माझ्याकडं वर बघत होते.

"आप्पा, हे काय केलंत?"

"काय म्हंजी? काढली. चुकलंच माझं. भांडं घरात ऱ्हातं बाई, गाडी चारचौघांत फिरती. हे ध्यानातच आलं न्हाई."

नवरा बाहेर आला. इतके महिने ज्याला हेच हवं होतं, तो माणूस तिथं नुसता उभा राहिला. मग खाली बसला आणि आप्पांच्या हातातून चौकट घ्यायला लागला. "आप्पा, अहो, कशाला काढलीत? लावू आपण. मी लावतो परत." आप्पांनी चौकट सोडली नाही. ती त्यांनी आपल्या पिशवीत, धोतराच्या घडीत घातली. पुढं तिचं काय झालं ते मी कधी विचारलं नाही.

नवरा म्हणाला, प्लेट तारेनं बांधू आणि निघू. रविवार होता, शोरूम बंद. मी म्हटलं, नाही तर प्लेट काचेत ठेवू, कोण बघतंय. आप्पांनी मान हलवली.

"म्या जन्मात बिननंबराची गाडी रोडवर काढली न्हाई. आन् लेकीला पोलिसानं रस्त्यात उभं करावं, ते म्या बसून बघावं, होय? ऱ्हाऊ दे. पुढच्या बारीला."

मी रडले, चिडले, नाही नाही ते बोलले. काही उपयोग झाला नाही. नवरा त्यांना स्कूटरवर स्टँडला सोडून आला. परत आल्यावर म्हणाला, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले, मला हात केला. मग तो बाथरूममध्ये गेला आणि बराच वेळ नळ चालू ठेवून बसला.

शोरूमवाल्यांनी नवं लॉक बसवून दिलं. बंपर पुन्हा नव्यासारखा दिसायला लागला. नवरा मात्र गाडी भिंतीकडंच तोंड करून लावत राहिला.

पुढची बारी आलीच नाही. दिवाळीनंतर एका दुपारी भावाचा फोन आला. आप्पा शेताच्या बांधावर बसले होते, तिथंच कलंडले. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मी ती गाडी घेऊन गेले, एवढी जोरात की आप्पा असते तर रागावले असते.

तिसऱ्या दिवशी राख सावडली. अस्थी गंगाखेडला गोदावरीत न्यायच्या होत्या. भावानं जीप सांगितली होती. मी म्हटलं, जीप नको, आप्पा माझ्या गाडीत येतील. भावकीतले एक म्हातारे पुढं झाले. "लेकीच्या गाडीत? तेनं जिता असताना पाय ठेवला न्हाई तिच्यात."

"म्हणूनच," मी म्हटलं. आवाज चढला होता, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. भावानं कलश उचलला. नवऱ्यानं जाऊन पुढचं दार उघडलं.

भाऊ पुढं बसला, मांडीवर फडक्यात बांधलेला कलश. तो वाटेत खाली ठेवायचा नसतो, म्हणून त्यानं दोन्ही हातांनी धरला होता. नवरा मागं. मी गाडी हळू चालवली, प्रत्येक खड्ड्याला हळू. सेलू गेलं, परभणी गेली. माझ्या शेजारी माझे वडील होते आणि मला त्यांना एवढंच विचारायचं होतं की गाडी बरी चालवते ना मी. ते विचारायला ते हवे होते. मला ते फार हवे होते.

गंगाखेडला घाटाजवळ गाडी थांबवली. भावाला उतरायचं होतं, पण हात मोकळे नव्हते. नवरा मागून उतरून आला, त्यानं दार उघडलं, दाराच्या वरच्या कडेला आपला तळहात धरला, डोक्याला लागू नये म्हणून, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "हळू उतरा, आप्पा."