पट्टीपर्यंत आणि परत

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ज्येष्ठांची तपासणी होती. खुर्चीतून उठायचं, जमिनीवरच्या पट्टीपर्यंत चालत जायचं आणि परत येऊन बसायचं. एक मुलगी वेळ मोजत होती. शेजारच्या कुसुमकाकूंना यापुढे एकटं राहू द्यायचं का, हे त्यांचा मुलगा या कागदावरून ठरवणार होता.

काकू झपझप निघाल्या. वाटेत बसलेल्या एका आजोबांची काठी घसरून पडली. काकूंनी थांबून, वाकून ती उचलून दिली.

"जास्त वेळ लागला, काकू. पुन्हा करूया?" मुलीनं विचारलं.

"नको. आहे तेवढाच लिही. मी रोज अशीच चालते."

मुलीनं आकडा लिहिला. काकू कशाला न धरता वाकल्या आणि उठल्या, यासाठी रकाना नव्हता. तिनं ते समासात लिहिलं.