दुसऱ्या पुस्तकासाठी स्मरणपत्र

माझे शिक्षण नववीत थांबले. तरी चिखलीच्या तहसील कचेरीसमोर बसून मी लिहिलेल्या अर्जांची पदवीधर कारकुनांनीही तारीफ केली आहे. त्यामुळे माझी मुलगी अभ्यासाची पुस्तके निवडू लागली, तेव्हा त्या कामी माझाही शब्द असावा, असे मला वाटणे स्वाभाविक होते.

ती इलेक्ट्रॉनिक्सची पदवीधर. चिपच्या आतली अ‍ॅनालॉग सर्किटे कशी आखतात, हे घरी बसून शिकायचे आणि पुण्याच्या एका कंपनीत मुलाखत द्यायची, असा तिचा विचार होता. इकडे धाड गावचे स्थळ सांगून आले होते. मी तिला तुळशीच्या लग्नापर्यंत मुदत दिली. तोवर नोकरी लागली तर पुणे, नाही तर धाड.

दुसऱ्या जिल्ह्यातील एका प्राध्यापकांचे धडे ती मोबाइलवर पाहत असे. पुस्तकाचे तिने त्यांनाच विचारले. ते म्हणाले, आधी एकेका ट्रान्झिस्टरचे पातळ पुस्तक घे, गणिते सोडवून मला फोटो पाठव, मग दुसरे सांगतो. त्या पुस्तकात उत्तरे दिलेली नव्हती. चूक कोठे झाली ते तेच कळवीत. गणपती उठले तेव्हा पातळ पुस्तक संपले.

पुढे दोन जाड पुस्तकांतून निवड करायची होती. एकात प्रत्येक सूत्र मुळापासून सिद्ध केलेले. दुसऱ्यात सर्किट प्रत्यक्ष आखून दाखवलेले, पण सूत्रे आधीच ठाऊक आहेत असे धरलेले. कोणते घेऊ, असा संदेश तिने पाठवला. पितृपक्ष संपून घट बसले, तरी उत्तर आले नाही.

"कागदाबिगर कोनी हालत नाही," मी म्हणालो.

"बाबा, सर आजारी असतीन. आपल्या मनानं शिकवून राह्यले मले. त्याइची ड्यूटी हाय काय थे?"

मी तिला न सांगता सरांना रीतसर स्मरणपत्र लिहिले आणि त्यांच्या कॉलेजच्या पत्त्यावर रजिस्टरने पाठवले. खाली लिहिले: प्रत माहितीस्तव, प्राचार्य व विभागप्रमुख. खालचा हलत नसेल तर वरच्याला प्रत द्यावी, हा आमच्या व्यवसायाचा पहिला नियम आहे.

आठवडाभरात तिच्या मोबाइलवर उत्तर आले. डोळ्याच्या शस्त्रक्रियेमुळे उशीर झाला होता. बाहेरच्या विद्यार्थिनीला शिकवल्याबद्दल प्राचार्यांनी त्यांच्याकडे खुलासा मागितला होता. यापुढे गणिते पाठवू नयेत. पुस्तक दोन्हींपैकी कोणतेही चालेल.

"कोनतंही," ती म्हणाली. "एक उणे चिन्ह सुटलं तरी सांगनारे सर, अन् म्हन्तात कोनतंही चालन."

"पत्रात वावगा शब्द नाही. माननीय लिहिलं हाय मी."

"हाव ना बाबा. लय चांगलं लिहिलं तुमी."

तिने सूत्रांचे पुस्तक मागवले. फीडबॅकच्या प्रकरणात एकाच गणिताची तिला दोन उत्तरे येत आणि खरे कोणते, हे सांगणारे कोणी नव्हते. पुढे पुढे ती पुस्तक मिटून त्यावर हात ठेवून नुसती बसून राही. मुलाखतीला ती गेलीच नाही.

तुळशीचे लग्न लागले. धाडची मंडळी येऊन, चहा घेऊन गेली. मुलगी कपबश्या उचलत होती.

"होकार लिहा बाबा," ती म्हणाली. "प्रती कोनाकोनाले पाठवाच्या, थे तुमीच ठरवा."

होकार मी फोननेच कळवला.